सातपुड्यात गाड्या घेऊन तीन मुक्काम, वाटेत तोरणमाळ, धडगाव, डाब. कोण कोण येतंय?

गोमाईकाठ
राम राम मंडळी. दिवाळी झाली की "यंदा सातपुड्यात जाऊच" असं दरवर्षी ठरतं आणि संक्रांतीपर्यंत ते व्हॉट्सॲपवरच लोळत पडतं. यंदा सरळ धागा काढतोय.

कच्चा बेत असा आहे. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, तीन मुक्काम, चार ते सहा गाड्या. पूर्वेकडून सुरुवात करायची: पाल, तिथून यावलच्या जंगलातून लंगडा आंबा नावाचं ठिकाण, मग डोंगराच्या कुशीतूनच पश्चिमेला सरकत तोरणमाळ, धडगाव, मोलगी आणि शेवटी अक्कलकुव्याला हमरस्ता. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता जमेल तितका टाळायचा. रात्री नदीकाठी तंबू. माझी थार आहे, डिझेल. शहाद्याच्या मित्राची जुनी जिप्सी नक्की. बाकीच्यांनी गाडी, माणसं आणि मार्गाबद्दलचं मत लिहा.

केळीबाग
फैजपूरहून लिहितोय. मार्गाचा पहिला तुकडा आत्ताच खोडून टाका. यावल अभयारण्य आहे, १७७.५२ चौरस किलोमीटर, आणि तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. कलम २७ प्रमाणे परवानगीशिवाय आत जाता येत नाही, कलम ३० प्रमाणे आग लावता येत नाही. परवानगी काढली तरी ठरवून दिलेल्या रस्त्यानेच जायचं आणि उजेडात बाहेर पडायचं. जंगलातून आडवी गाडी काढत पश्चिमेला सरकणं हा बेत नाही, हा गुन्हा आहे. वनरक्षकाने गाडी जप्त केली तर सोडवायला महिने जातात.

पालला जरूर या. वनखात्याचं विश्रामगृह आहे, सुकी नदीवरचं धरण आहे, थंडी झकास. पण घरच्यांना घेऊन एका गाडीत या. ताफा नको.

पुणेरी_जिम्नी
मी येतो, मूळचा अमळनेरचा. जिम्नी आहे. पण काका, यूट्यूबवर तर लोक नद्यांतून, जंगलातून बिनधास्त गाड्या घालताना दिसतात. त्यांना कोणी अडवत नाही?

केळीबाग
अडवलेल्याचा व्हिडिओ कोणी टाकत नाही, एवढंच.

बोलेरोवाला
माझी बोलेरो टू व्हील ड्राइव्ह आहे. येऊ का? आधी सांगा, नंतर घाटात "तुझ्यामुळे खोळंबा झाला" नको.

डबलगियर
प्रामाणिक मत देतो, रागावू नका. सहा गाड्यांत एक टू व्हील ड्राइव्ह आली की सगळा ताफा तिच्या मापाने चालतो. बोलेरोचा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट जमिनीपासून किती वर ते) १८० मिमी, थारचा २२६, जिम्नीचा २१०. फरक दगडावर कळतो. फोर बाय फोर, तीही लो रेंजवाली (अवघड चढाला हळू पण जोरात ओढणारा गियर असलेली), हीच अट ठेवावी.

सातपुडी
मी धडगाव तालुक्यात आश्रमशाळेवर शिक्षक आहे, खूप वर्षं इथेच. वाचत होतो, आता लिहावंसं वाटलं.

डबलगियरभाऊ, ज्या रस्त्यांवर तुम्हाला लो रेंज लागणार म्हणताय त्या रस्त्यांवर रोज सकाळी पिकअप आणि जुन्या जीपा चालतात. आत माणसं, टपावर माणसं, मागे लोंबकळणारी पोरं, वर दोन बकऱ्या. सगळ्या टू व्हील ड्राइव्ह. बोलेरो बिघडली तर मोलगीच्या बाजारात तिचा पार्ट मिळेल, मेकॅनिक मिळेल. तुमच्या गाड्यांचा सेन्सर गेला तर ट्रक बोलवावा लागेल. बोलेरोला घ्या.

दुसरी गोष्ट जरा मोठी आहे. बेतात "नदीकाठी तंबू" असं सहज लिहिलंय. इकडे मोकळी जागा म्हणून काही नसतं. अक्राणी (म्हणजे हाच धडगाव तालुका) आणि अक्कलकुवा हे तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात, ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली कितीतरी गावांना सामूहिक हक्क मिळालेत. तुम्हाला जो ओसाड माळ दिसतो तो कोणाच्या तरी गुरांचा चारा असतो. तुम्ही ज्याला सुंदर झरा म्हणून फोटो काढाल त्यातून पाड्यावरच्या बाया पिण्याचं पाणी भरतात. त्यात टायर घालून गाडी वरखाली करणं म्हणजे कोणाच्या माठात पाय घालणं. मागे एका टोळक्याने हे केलं होतं. पोरांनी दगड उचलले नाहीत एवढंच, पण रस्त्यावर लाकडं आडवी पडली आणि पाया पडल्यावरच उठली.

म्हणून रीत सांगतो. ज्या पाड्याजवळ उतरायचंय तिथे अंधार पडायच्या निदान दोन तास आधी पोचा. गाड्या लांब ठेवा, दोघेच चालत जा, पोलीस पाटील किंवा कारभारी कोण ते विचारा. घरी मराठी नाही, पावरी किंवा भिली बोलतात, पण शाळेतली पोरं मराठीत समजावतील. जागा ते दाखवतील, तीच घ्या. कोंबडी, भगर, आमचूर, लाकूड जे लागेल ते त्यांच्याकडून पैसे देऊन घ्या. घासाघीस करू नका. पोरांना चॉकलेटं वाटू नका, नंतर प्रत्येक गाडीमागे पळत सुटतात.

गोमाईकाठ
सर, मान्य. पूर्वेचा तुकडा रद्द. बोलेरो आत. आता नर्मदेच्या काठाचं सांगा. भुषापर्यंत जायची फार इच्छा आहे, बॅकवॉटरला तंबू टाकता येईल का?

सातपुडी
भुषाला दिवसा जाऊन या, पाणी बघा, परत या. तिथे नदी आता नदीसारखी वागत नाही. सरदार सरोवर पूर्ण भरलं की पातळी १३८.६८ मीटर, आणि ती धरणावरून ठरते, पावसावरून नाही. पाणी उतरलं की काठावर गुडघाभर गाळ राहतो. वरून तडकलेला, कोरडा दिसतो, आत लापशी. त्यात उतरलेली गाडी काढायला ट्रॅक्टरही घाबरतो. शिवाय तो उतार तीव्र आहे, सपाट जागा मिळेल ती कोणाच्या तरी शेताची.

आबा_साक्रीकर
मी एस.टी.त ड्रायव्हर होतो, आता निवृत्त. देवगोई घाट, चांदसैली घाट, तोरणमाळचा सात पायरी, कोंडाईबारी, सगळे डोळे मिटून सांगेन. (डोळे मिटून चालवले नाहीत.)

तुम्हा पोरांचं बठ्ठं लक्ष चढावर शे. गाडी चढस, तेन्हा व्हिडिओ काढतस. गाडी मरस ती उतारवर. ज्या गियरमा चढानं त्याच गियरमा उतरानं, हाऊ एकच नियम. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात की लायनिंग तापतं, पेडल स्पंज होतं आणि नेमक्या वळणावर समोरून पिकअप येते. ऑटोमॅटिकवाल्यांनी मॅन्युअल मोडमध्ये खालचा गियर धरायचा, "डी"मध्ये टाकून सोडायचं नाही.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. आणि रात्री शहादा परिसरात गाडी चालवू नका. उसाचा हंगाम आहे. कारखान्याकडे जाणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, बैलगाड्या तर अंधारात दिसतच नाहीत. आयुष्यभरात मला घाटापेक्षा त्या सपाट रस्त्याची भीती जास्त वाटली.

खापरावरची
आबा, तुमच्या पोस्टची प्रिंट काढून प्रत्येक गाडीत लावणार.

आम्ही दोघं येतोय, सोबत नणंद. गाडी नाही, बोलेरोत जागा असेल तर स्वयंपाकाची जबाबदारी माझी. आता जे कोणी विचारत नाही ते विचारते. संडासचं काय? तीन दिवस, चौदा-पंधरा माणसं, त्यात चार-पाच बायका. "जंगल आहे की" असं उत्तर चालणार नाही.

डबलगियर
ताई, रास्त प्रश्न. एक उभा छोटा तंबू फक्त त्यासाठी आणू. फावडं लागेल. पाण्यापासून निदान साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा, वर माती. कागद आणि पॅड पिशवीत भरून परत न्यायचे, पुरायचे नाहीत, कुत्री उकरतात. बायकांचा तंबू वस्तीच्या आणि पुरुषांच्या तंबूंच्या उलट बाजूला.

खापरावरची
चालेल. हे आधी ठरलं म्हणजे बाकीचं सगळं सोपं आहे.

पपईवाला
म्हसावदजवळ माझं शेत आहे, सातपुड्याच्या अगदी पायथ्याला. पहिला मुक्काम माझ्याकडे टाका. कपाशी निघून गेलेलं सात एकर रान मोकळं असेल, एका बाजूने नाला आहे, गोट्यांचा, त्याच्या पलीकडे मुरुमाचा उतार. ज्यांना ऑफ-रोडची खाज आहे त्यांनी ती तिथे भागवून घ्या. माझी जमीन, माझी परवानगी. फसलात तर ट्रॅक्टर उभा आहे, डिझेलचे पैसे द्या.

एक अट. आठ दिवसांत पाऊस पडलेला नसावा. आमची काळी माती ओली झाली की फोर बाय फोर काय नि टू बाय टू काय, चाकाला चिखल चढत चढत चाक मडगार्डला भिडतं आणि गाडी जागच्या जागी थांबते. डिसेंबरात अवकाळी होतो कधीमधी. तसं झालं तर मी फोन करेन, मग बेत पुढे ढकला, तक्रार नको.

पुणेरी_जिम्नी
हे तर फारच भारी. मी तापीच्या वाळूत सराव करायचा म्हणत होतो.

आबा_साक्रीकर
तापीच्या वाळूत गाडी घातली तर तलाठी वाळूवाला समजून पहिला पंचनामा करेल, नंतर नाव विचारेल.

डबलगियर
आता टायरच्या हवेबद्दल, कारण यावर नेहमी भांडण होतं. यूट्यूब बघून लोक पंधरा पीएसआयपर्यंत हवा उतरवतात. ते वाळूसाठी ठीक. सातपुड्यात वाळू नाही, बेसॉल्टचा फुटलेला, धारदार दगड आहे. हवा फार उतरवली की टायरचा बाजूचा पडदा फुगतो आणि तोच दगडाला लागून चिरतो. बाजूचं चिरलेलं टायर पंक्चरवाल्याच्या कामाचं नाही. मी घाटातल्या कच्च्या रस्त्यावर २४ ते २६ ठेवतो, डांबरीला लागण्याआधी परत भरतो. कॉम्प्रेसर दोन गाड्यांत हवेत, एकात नको, कारण ज्या गाडीत असतो तीच मागे राहते.

ओढून काढायचं सामान: कायनेटिक (ताणला जाणारा) दोर एक, सॉफ्ट शॅकल (दोर अडकवायची दोरीचीच कडी) चार, प्लास्टिकच्या फळ्या एक जोडी. टोइंग बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) दोर लावायचा नाही, तो तुटून गोळीसारखा येतो. बंपरला तर अजिबात नाही. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, मोबाइल काढून तर नाहीच नाही.

पाण्यात उतरायच्या आधी कोणीतरी काठी घेऊन चालत पलीकडे जायचं. थारच्या माहितीपत्रकात ६५० मिमी लिहिलंय म्हणून सरळ घुसायचं नसतं, आकडा शांत पाण्याचा असतो. डिसेंबरात ओढे आटलेले असतात, पण बंधाऱ्याखालचा डोह खोलच असतो.

दगडूशेटचा_नातू
थोडं विषयांतर. साक्री–नंदुरबारकडून येणाऱ्यांनी उजव्या-डाव्या बाजूला लक्ष ठेवा. माळावर सरळ रेषेत मैलोनमैल काळ्या दगडाच्या भिंती दिसतात, कोणी बांधल्यासारख्या. लोक किल्ल्याचा तट समजतात. त्या डाइक आहेत, लाव्हा भेगांतून वर येऊन तिथेच गोठला. भूगर्भशास्त्राची पोरं लांबून बघायला येतात आणि आपण त्याला टेकून लघवी करतो.

केळीबाग
नातवा, धाग्याला उंची आणून लगेच खाली आणलीस.

पुणेरी_जिम्नी
संपर्काचं काय? धडगावच्या पुढे नेटवर्क नाही म्हणतात. माझ्याकडे परदेशातून आणलेला सॅटेलाइट मेसेंजर आहे, तो आणतो.

डबलगियर
आणू नकोस. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे. वॉकीटॉकी चालतील, पण ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवाल्या कमी शक्तीच्या, त्यांना परवाना लागत नाही. ऑनलाइन मिळणारे स्वस्त, जास्त पल्ल्याचे सेट बिनपरवाना वापरता येत नाहीत. घाटात तसाही पल्ला वळणापुरताच. नकाशे आधीच उतरवून घ्या. आणि सगळ्यात जुना नियम: आरशात मागची गाडी दिसत नसेल तर थांबायचं. ती दिसली की मगच पुढे.

बोलेरोवाला
दारूचं आधीच बोलून घ्या. दरवर्षी त्यावरून रुसवेफुगवे होतात.

गोमाईकाठ
गाडी चालवणारा पिणार नाही, पाड्याजवळ कोणीच पिणार नाही. आणि परतीला ज्यांना अक्कलकुव्याहून सागबारा, डेडियापाडा करत सुरतेकडे उतरायचंय त्यांच्या गाडीत एक थेंबही नको. हद्द ओलांडली की गुजरात, तिथे दारूबंदी आहे, नाक्यावर डिकी उघडायला लावतात. बाटली एकाची, गाडी दुसऱ्याची, आणि ठाण्यात सगळे.

सातपुडी
मोहाची दिली तर नम्रपणे नाही म्हणा, अपमान वाटत नाही. "गाडी चालवायची आहे" एवढं पुरतं.

थंडीबद्दल लिहायचं राहिलं. तुम्ही जळगाव-धुळ्याचे लोक उन्हाळ्याचे पैलवान. डाबला थंडीची लाट आली की पहाटे गवतावरचं दव गोठतं, गाडीच्या टपावर पांढरा थर येतो. तोरणमाळ हजार मीटरच्या वर, तिथेही वारा कापतो. तंबूत खालून थंडी येते, वरून नाही. दोन गोधड्या अंगावर घेण्यापेक्षा एक खाली घाला. गव्हाचा किंवा भाताचा पेंढा पाड्यावर मिळाला तर उत्तम, पण तंबूच्या आत भरण्याआधी झटका. घोणस, फुरसं थंडीत कमी फिरतात, तरी उबेला येतात. मण्यार झोपलेल्याला चावते आणि चावल्याचं कळतही नाही, म्हणून उघड्यावर जमिनीवर कोणी झोपायचं नाही, तंबूची चेन रात्रभर बंद. काही झालंच तर मांत्रिक, चिरा, दोरी काही नाही. अवयव हलू न देता थेट ग्रामीण रुग्णालय, १०८ ला फोन. नेटवर्क कुठे मिळतं ते संध्याकाळीच शोधून ठेवा.

खापरावरची
आता माझं खातं. पहिल्या रात्री पपईवाल्या दादांकडे भरीत-पुरी. वांगी जळगावचीच, हिरवी, मोठी, कमी बियांची. कपाशीच्या काड्यांवर भाजायची, गॅसवर नाही, गॅसवर भाजलेल्याला मी भरीत म्हणत नाही. सोबत कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांद्याची पात. दुसऱ्या दिवशी शेवभाजी, मसाला घरून वाटून आणते. तिसऱ्या दिवशी धडगावच्या बाजारातून मिळेल ते.

लाल मिरची मात्र नंदुरबारहून घेऊ. या दिवसांत गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात, काच बंद ठेवली तरी खोकला येतो. ज्यांना दमा आहे त्यांनी तेवढा पट्टा रुमाल बांधून काढावा.

केळीबाग
काड्यांवर भाजणार म्हणजे आग. तोरणमाळला नाही पेटवायची. सातपुड्यातलं बहुतेक जंगल राखीव आहे, १९२७ च्या भारतीय वन कायद्यात राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे. फेब्रुवारीनंतर तर गवत वाळून वणवाच.

खापरावरची
म्हणून तर भरीत पहिल्या रात्री, दादांच्या शेतात, उघड्या मातीवर. पुढचे दोन दिवस गॅसची शेगडी. मीही इथलीच आहे भाऊ.

केळीबाग
वहिनी, चुकलं. मग माझी वांगी चालतील का? मी येत नाहीये, पण वांगी आणि केळी मोफत पाठवतो.

डबलगियर
बोलेरोवर मी जे लिहिलं ते मागे घेतो. स्वयंपाकघर त्याच गाडीत बसणार आहे, जिम्नीत चार माणसं बसवली की मागे ठेवायला हातरुमालापुरती जागा उरते.

बोलेरोवाला
मान्य. मात्र मी सर्वांच्या मध्ये चालणार, शेवटी नाही. धूळ खाऊन भाकरी खायची नाही मला.

आबा_साक्रीकर
शेवटल्या गाडीमा मी बठस. जिप्सीवाल्याला सांगा, मले लई चाला. मागून कोण कसा चालवतो ते मला बरोबर दिसतं.

गोमाईकाठ
आबा, जिप्सीत मागची सीट आडवी आहे, पाठ धरेल.

आबा_साक्रीकर
पस्तीस वर्षं एस.टी.ची सीट होती भो. काय धरानं ते धरी चुकनं.

गोमाईकाठ
तर पक्का बेत. शुक्रवारी दुपारी चारपर्यंत सगळे म्हसावदला, पपईवाल्यांच्या शेतात. सराव, भरीत, मुक्काम. शनिवारी सकाळी राणीपूरमार्गे तोरणमाळ, यशवंत तलाव, सीताखाई. मुक्काम तिथे पर्यटक निवासात, तंबू नाहीत, त्यामुळे संध्याकाळी सगळ्यांच्या अंघोळी होतील. रविवारी खाली उतरून म्हसावदवरून धडगाव. जमलं तर दुपारी भुषा, नाहीतर सोडून देऊ. मुक्काम सातपुडी सरांनी बोलून ठेवलेल्या पाड्यावर. सोमवारी मोलगी, डाब, देवगोई घाट उतरून अक्कलकुवा, तिथून ज्याचा तो मोकळा.

डिझेल-पेट्रोल शहाद्यातच टाकी फुल्ल. जिम्नीची टाकी ४० लिटरची आहे आणि घाटात पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये ॲव्हरेज कोसळतं, तर तिच्यासाठी धडगावला परत भरू. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला पाच लिटर, कॅन बोलेरोत. कचरा आणलेला तितका परत.

पुणेरी_जिम्नी
सारंगखेड्याची यात्रा त्याच सुमाराला असते ना? घोडे बघायला थांबता येईल का?

पपईवाला
यात्रा दत्तजयंतीला सुरू होते, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. तारीख पंचांगात बघ. त्या दिवसांत सारंगखेड्याच्या तापी पुलावर गाडी तासभर हलत नाही. येताना शिरपूरकडून ये, आधी नाही, जाताना थांब.

सातपुडी
पाड्यावर बोलणं झालं. कारभारी म्हणाले, या, पण गाण्याचे मोठे स्पीकर आणू नका, गावात म्हातारी आजारी आहे. जागा शाळेमागची, सपाट, हातपंप शंभर पावलांवर. तंबू सहापेक्षा जास्त मावणार नाहीत.

खापरावरची
म्हणजे एकेका तंबूत दोघं-तिघं झोपा. गॅसची शेगडी कोणाची? माझ्याकडे दोन बर्नरची आहे, पण रेग्युलेटर लहान सिलिंडरला बसत नाही.

बोलेरोवाला
पाच किलोचा सिलिंडर आणि त्याचा रेग्युलेटर माझ्याकडे आहे, ताई. पाइप नवीन घेतो, जुना तडकलाय.